छुपा रासायनिक मार्कर: अस्सल माल ओळखण्याची यंत्रणा पायरीपायरीने कशी उभारावी

छुपा मार्कर हा मालात, वेष्टनात किंवा छपाईच्या शाईत अत्यल्प प्रमाणात मिसळलेला पदार्थ असतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण ठरावीक उपकरणाला (रीडरला) सापडतो. पदार्थ निवडणे हा या कामातला सोपा भाग आहे. योजना फसतात त्या वेगळ्याच जागी. मार्कर सगळ्या नगांत सारखा पोचत नाही, रंगद्रव्याखाली दबतो, नकली मालातल्या एखाद्या साध्या घटकालाच रीडर 'अस्सल' म्हणून मोकळा होतो, किंवा उरलेल्या मास्टरबॅचचा (मार्कर दाट मिसळलेल्या प्लास्टिकच्या दाण्यांचा) हिशेब कुणीच ठेवलेला नसतो. म्हणून पुढे जास्त जागा या चार गोष्टींना दिली आहे.

उदाहरणासाठी एकच वस्तू धरली आहे: पांढऱ्या पॉलिप्रॉपिलीनचे, इंजेक्शन मोल्डिंगने बनणारे ३ ग्रॅमचे झाकण. शाई आणि द्रवपदार्थ यांत काम वेगळे कुठे होते ते त्या-त्या जागी येईल.

पायरी १: चाचणीने नेमके काय सिद्ध व्हायला हवे?

मार्कर जिथे आहे तेवढ्याचीच तो साक्ष देतो. झाकणात मार्कर असेल तर झाकण अस्सल एवढेच कळते; रिकाम्या अस्सल बाटलीत कुणी भलताच माल भरला तर चाचणी बिनचूकपणे पास होईल. पुनर्भरणाचा धोका असेल तर मार्कर मालातच हवा, किंवा उघडताना तुटणाऱ्या सीलमध्ये. भेसळ ओळखायची असेल तर 'आहे की नाही' पुरत नाही, मात्रा मोजावी लागते. कंत्राटी उत्पादक ठरल्यापेक्षा जास्त नग काढून मागच्या दाराने विकत असेल, तर त्याच्या हाती मार्कर कायदेशीरपणेच आहे. तिथे रसायन काही करू शकत नाही. करतो तो फक्त ग्रॅमचा हिशेब (पायरी ९).

एका कागदावर तीन उत्तरे लिहा: कोणती फसवणूक पकडायची, कोण तपासणार आणि त्याच्याकडे किती वेळ असेल, निकाल कुणापुढे टिकायला हवा. गोदामातल्या निरीक्षकाला पाच सेकंदांत हो किंवा नाही हवे असते, न्यायालयाला प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. एकच मार्कर या दोन्ही गरजा क्वचितच भागवतो. म्हणून दोन ठेवा: एक हातातल्या रीडरने वाचता येणारा, दुसरा फक्त प्रयोगशाळेत सापडणारा आणि कंपनीत दोन-तीन जणांनाच ठाऊक असलेला. निकष तपासायला आयएसओ २२३८३ हे मानक हाताशी ठेवा. २०१२ च्या आयएसओ १२९३१ ची जागा त्याने २०२० मध्ये घेतली.

पायरी २: मार्करची जात

३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली चमकणारे सेंद्रिय रंग स्वस्त असतात, पण ते कुणालाही मिळतात आणि तो दिवाही कुणाहीकडे असतो. त्यांना गुप्त समजू नका. युरोपियमची संयुगे अतिनील प्रकाशात ६१५ नॅनोमीटरच्या आसपास अरुंद तांबडी रेषा देतात आणि दिवा बंद केल्यावरही मिलिसेकंदाच्या अंशभर चमकत राहतात. साधे सेंद्रिय रंग काही नॅनोसेकंदांत विझतात. त्यामुळे दिवा विझल्यावर क्षणभर थांबून मोजले, की आजूबाजूची बहुतेक खोटी चमक आपोआप गळते.

अपकन्व्हर्जन फॉस्फर (प्रकाश शोषून चमकणाऱ्या भुकट्या) उलट्या दिशेने काम करतात: ९८० नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश घेऊन दृश्य प्रकाश देतात. सोडियम यिट्रियम फ्लोराइडमध्ये १८ ते २० टक्के यिटर्बियम आणि २ टक्के एर्बियम घातले, की ५४० च्या आसपास हिरवा आणि ६६० च्या आसपास तांबडा पट्टा मिळतो. एर्बियमऐवजी थुलियम घातले तर ४७५ ला निळा आणि ८०० ला अवरक्त. नैसर्गिक पदार्थ किंवा नेहमीचे रंग असे वागत नाहीत, त्यामुळे पार्श्वभूमी जवळपास कोरी मिळते. आपल्या झाकणासाठी हाच मार्कर घेऊ. मात्र एक लक्षात ठेवा: अवरक्त लेझर दाखवणाऱ्या बाजारातल्या कार्डांतही असेच फॉस्फर असतात. 'हिरवे चमकले म्हणजे अस्सल' हा निकष दुबळा आहे. निकष विझण्याच्या काळावर किंवा दोन फॉस्फरच्या गुणोत्तरावर बेतलेला हवा.

डीएनए मार्कर पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या चाचणीने, वाचतात. कूट (सांकेतिक खूण) म्हणून तो फार समृद्ध आहे आणि मात्रा नगण्य लागते. पण उघडा डीएनए मोल्डिंगच्या २०० ते २३० अंश सेल्सिअसला टिकत नाही, त्याला सिलिकाचे कवच द्यावे लागते. त्याची खरी डोकेदुखी प्रयोगशाळेत सुरू होते. कोट्यवधी पटींनी वाढवणारी ही चाचणी हातमोज्यावरून कोऱ्या नमुन्यात गेलेले काही रेणूही तितक्याच निष्ठेने वाढवते. नमुना तयार करण्याची आणि पीसीआरची खोली वेगळी नसेल, दर धावेत कोरा नमुना नसेल, तर डीएनएच्या वाटेला जाऊ नका.

द्रवपदार्थात कण तळाला बसतात, म्हणून तिथे विरघळणारा रेणू लागतो. युरोपीय संघाने करसवलतीच्या डिझेलसाठी सॉल्व्हेंट यलो १२४ हा रंग लिटरला किमान ६ मिलिग्रॅम प्रमाणात सक्तीचा केला होता. आम्लात तो तांबडा होतो, म्हणून तपासणी सोपी. पण ज्या गुणामुळे तो आम्लाशी प्रतिक्रिया देतो, त्याच गुणामुळे आम्लाने आणि शोषक मातीने तो काढूनही टाकता येत होता. अखेर २०२२ मध्ये बुटॉक्सीबेन्झिनवर आधारलेला मार्कर ठरवला गेला. तो इंधनातल्या इतर घटकांसारखाच असल्याने गाळून वेगळा करणे फार कठीण जाते. द्रवासाठी निवड करताना पहिली चाचणी हीच घ्या: सक्रिय कोळसा, शोषक माती, सौम्य आम्ल आणि सौम्य अल्क यांतून माल काढा आणि मार्कर किती उरतो ते मोजा.

पायरी ३: पार्श्वभूमी मोजा

मार्कर मागवण्याआधी कोरा माल मोजायला घ्या: स्वतःचा, प्रतिस्पर्ध्यांचा आणि हाती लागलेला प्रत्येक नकली नमुना. तीन गोष्टी सर्रास आडव्या येतात.

कागदात आणि पांढऱ्या प्लास्टिकमध्ये ऑप्टिकल ब्राइटनर असतात. अतिनील दिव्याखाली ते निळे झगमगतात आणि मार्करची चमक त्यात बुडते. टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याचा रूटाइल प्रकार साधारण ४०० नॅनोमीटरखालचा प्रकाश शोषून घेतो, म्हणून पांढऱ्या प्लास्टिकमध्ये अतिनील दिव्यावर चालणारा मार्कर फक्त वरच्या पातळ थरापुरता जागा होतो. ९८० चा प्रकाश आत शिरतो, पण विखुरतो. कार्बन ब्लॅक मात्र सगळेच गिळतो. काळ्या भागासाठी चमकणारा मार्कर विसरा. तिथे एक्स-रे फ्लुरोसन्सने (क्ष-किरण मारून मूलद्रव्य ओळखण्याच्या पद्धतीने) दिसणारे मूलद्रव्य घ्या किंवा मार्कर वरच्या छपाईत न्या.

पायरी ४: मात्रा

विक्रेता '१० पीपीएम पुरे' म्हणतो, म्हणजे दहा लाख भागांत १० भाग. स्वतः हिशेब करा. सोडियम यिट्रियम फ्लोराइडची घनता सुमारे ४.२, म्हणून १० मायक्रॉनचा एक कण २.२ नॅनोग्रॅमचा. रीडरचा ठिपका १ मिलिमीटर व्यासाचा आणि पांढऱ्या प्लास्टिकमध्ये उपयोगी खोली अर्धा मिलिमीटर धरली, तर एका वाचनात जेमतेम ०.३५ मिलिग्रॅम प्लास्टिक येते. १० पीपीएमला त्यात ३.५ नॅनोग्रॅम मार्कर, म्हणजे सरासरी १.६ कण. पॉयसाँच्या नियमाने (विरळ विखुरलेल्या गोष्टींच्या संभाव्यतेच्या नियमाने) अशा पाचांपैकी एका ठिपक्यात एकही कण नसेल. अस्सल झाकण पाचात एकदा नापास होईल, आणि दोष मात्र रीडरला दिला जाईल.

१०० पीपीएमला १६ कण मिळतात. हो-नाहीला हे चालते, पण वाचन-वाचनातला फरक २५ टक्के, म्हणजे गुणोत्तराचे कूट वाचता येणार नाही. कण ५ मायक्रॉनचे केले, की त्याच १०० पीपीएमला सुमारे १२८ कण येतात आणि फरक ९ टक्क्यांवर उतरतो. मग आणखी बारीक का करू नयेत? कारण कण मायक्रॉनखाली गेला, की पृष्ठभागावरच्या दोषांमुळे चमक झपाट्याने मरते. ३ ते ५ मायक्रॉन आणि ५० ते १०० पीपीएम ही या झाकणासाठी समंजस सुरुवात आहे. आणि विक्रेत्याच्या कागदावर फक्त सरासरी आकार असेल तर डी-९० (ज्याच्याखाली ९० टक्के माल येतो तो आकार) मागा. वस्तुमानाचा बराच वाटा थोड्या मोठ्या कणांत अडकलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक या हिशेबापेक्षा वाईटच निघतो.

पायरी ५: मास्टरबॅच आणि मोल्डिंग

१०० पीपीएम थेट मिसळता येत नाही. आधी पॉलिप्रॉपिलीनमध्ये ०.५ टक्के मार्करचा मास्टरबॅच बनवा आणि तो मालात २ टक्के घाला. १०० किलो मालाला २ किलो मास्टरबॅच, म्हणजे १० ग्रॅम मार्कर. मास्टरबॅचच्या वाहक पॉलिमरचा मेल्ट फ्लो (वितळल्यावरचा प्रवाहीपणा) मूळ मालाइतका किंवा थोडा जास्त ठेवा. घट्ट वाहक पातळ मालात नीट पसरत नाही. भुकटी एकदम ओतू नका: आधी तितक्याच पॉलिमर पावडरमध्ये, मग त्याच्या दुपटीत, अशी टप्प्याटप्प्याने पातळ करा. ट्विन-स्क्रू एक्सट्रूडरमध्ये ती वितळण्याच्या झोननंतर साइड फीडरने सोडा. घन दाण्यांबरोबर दळली गेली तर कण फुटतात, चमक घटते आणि स्क्रूही झिजतो.

आता सगळ्यांत जास्त वेळा चुकणारी जागा. ३ ग्रॅमच्या झाकणात २ टक्के म्हणजे ६० मिलिग्रॅम मास्टरबॅच. नेहमीचा दाणा २० ते ३० मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे एका झाकणाच्या वाट्याला दोन-तीन दाणे. मोल्डिंगचा साधा स्क्रू मिसळण्यात कच्चा असतो, त्यामुळे एका झाकणात दीडपट आणि शेजारच्या झाकणात निम्मा मार्कर जातो. उपाय तीन. मायक्रो-पेलेट घ्या, साधारण १ मिलिग्रॅमचे. किंवा मास्टरबॅच निम्म्या ताकदीचा करून ४ टक्के घाला. किंवा, आणि आमच्या मते हा सर्वांत चांगला, पांढऱ्या रंगाचा जो मास्टरबॅच एरवीही घालायचाच आहे त्यातच मार्कर मिसळून आणा. मग ऑपरेटरला वेगळे काही घालावे लागत नाही, विसरताही येत नाही, आणि काही विशेष आहे हे कळतही नाही.

डोसर (मास्टरबॅच मोजून सोडणारे यंत्र) वजनावर चालणारा हवा. आकारमानावर चालणारा डोसर दाण्यांची घनता बदलली की गुपचूप सरकतो. माल बदलल्यावरचे पहिले शॉट (साच्यातून एका वेळी निघणारे नग) बाजूला ठेवा आणि सलग दहा नगांचे वाचन स्थिर झाल्यावरच पुढे सोडा. स्प्रू आणि रनरचा रिग्राइंड (साच्याच्या वाटांत गोठलेल्या प्लास्टिकचा दळून परत वापरायचा चुरा) याच झाकणात परत गेला आणि मास्टरबॅच फक्त नव्या मालाच्या वजनावर घातला तर मात्रा बदलत नाही, पण तोच रिग्राइंड दुसऱ्या ग्राहकाच्या मालात गेला तर तिथेही तुमचा मार्कर पोचतो. मग बाजारात 'अस्सल' निघणारी परकी झाकणे दिसू लागतात आणि कारण शोधण्यात महिने जातात.

शाई वापरत असाल तर

शाईच्या थराची जाडी कणाचा आकार ठरवते. ऑफसेटचा थर एक-दोन मायक्रॉनचा, तिथे मोठा कण ब्लँकेटवर (शाई कागदावर नेणाऱ्या रबरी पट्ट्यावर) साचतो. फ्लेक्सोला ५ मायक्रॉनखालचे कण हवेत, नाहीतर ॲनिलॉक्सचे (शाई मोजून देणाऱ्या रोलरचे) खड्डे बुजतात. स्क्रीन प्रिंटिंग १० मायक्रॉनही खपवून घेते. शाईत १ ते ५ टक्के मार्करपासून सुरुवात करा आणि जड कण किती वेगाने बसतात ते पाहा. पाण्याइतक्या पातळ शाईत ५ मायक्रॉनचा कण तासाला १५ सेंटिमीटर खाली जातो. शंभरपट दाट शाईत दीड मिलिमीटर. पातळ शाई असेल तर फिरता पंप सतत चालू हवा, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा.

पायरी ६: रीडर

९८० चा डायोड लेझर, पुढे ९८० अडवून दृश्य प्रकाश सोडणारा फिल्टर आणि दोन डिटेक्टर, एवढ्यात काम भागते. लेझर सलग न चालवता एक-दोन मिलिसेकंदांच्या स्पंदांत चालवा. स्पंद संपल्यानंतरचा उतार मोजला, की विझण्याचा काळ मिळतो आणि खोलीतला प्रकाशही वजा होतो. लेझर डोळ्याला घातक आणि अदृश्य असतो, म्हणून रीडरचे नाक (पुढचे टोक) वस्तूला टेकल्याशिवाय तो सुरूच होणार नाही असा स्विच लावा आणि आयईसी ६०८२५-१ या लेझर सुरक्षेच्या मानकाप्रमाणे धोक्याचा वर्ग ठरवून घ्या.

इथे एक सापळा आहे. अपकन्व्हर्जनमध्ये चमक लेझरच्या तीव्रतेच्या सुमारे वर्गाच्या प्रमाणात बदलते: बॅटरी उतरून लेझर १० टक्के मंदावला तर चमक १९ टक्के घटते. नाक वाकडे धरले तरी तेच. म्हणून नुसत्या उजेडावर उंबरठा (पास-नापासची सीमा) ठेवू नका. एर्बियमच्या हिरवा-तांबडा गुणोत्तरावरही डोळे मिटून विसंबू नका, कारण तेही तीव्रतेनुसार सरकते. ५२५ आणि ५४५ या दोन हिरव्या रेषांचे गुणोत्तर तर तापमानमापक म्हणूनच वापरले जाते. उन्हात तापलेल्या डब्यावर ते वेगळे येणारच. दर सकाळी ज्ञात मार्कराची एक आणि कोरी एक, अशा दोन संदर्भ चकत्या वाचल्याशिवाय रीडर काम सुरू करणार नाही, अशी सक्ती सॉफ्टवेअरमध्ये ठेवा.

पायरी ७: उंबरठा आणि पडताळणी

किमान ३०० कोरे नमुने वाचा. एकही चुकून 'अस्सल' आला नाही, तर खोट्या स्वीकाराचे प्रमाण १ टक्क्याखाली आहे असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. ०.१ टक्क्याचा दावा करायचा तर ३,००० लागतील. शोधमर्यादा कोऱ्या वाचनांच्या प्रमाण विचलनाच्या ३.३ पटीवर आणि मोजण्याची मर्यादा १० पटीवर धरा, दोन्ही वेळा अंशांकन रेषेच्या (ज्ञात मात्रा आणि वाचन यांच्या आलेखाच्या) उताराने भागून.

खोट्या नकाराकडे दुर्लक्ष होते आणि ते महागात पडते. बाजारातल्या १०,००० नगांत १०० नकली आहेत आणि रीडर २ टक्के अस्सल नग चुकून नाकारतो असे धरा. सगळे नकली सापडले तरी त्यांच्यासोबत १९८ अस्सल नगही नापास होतात, म्हणजे तीन इशाऱ्यांपैकी दोन खोटे. महिनाभरात निरीक्षक रीडर कपाटात ठेवून देतो. त्यावर उपाय म्हणजे तिसरा निकाल: 'पुन्हा वाचा'. तीन वेगवेगळ्या जागी वाचून दोन निकाल जुळले तरच निर्णय. पडताळणी अशा लोकांकडून करून घ्या ज्यांना कोणता नमुना कोणता हे माहीत नाही, आणि त्यात निम्म्या मात्रेचे, धुळीने माखलेले व ओरखडे पडलेले नगही मिसळा.

द्रवात मात्रा मोजत असाल तर गणित सरळ आहे: १० पीपीएमच्या जागी ७ आले आणि पद्धतीची अनिश्चितता ५ टक्के असेल, तर सुमारे ३० टक्के भेसळ. पण ९.६ आले म्हणून कुणावर आरोप करू नका.

पायरी ८: टिकाऊपणा आणि परवानग्या

औषधांच्या वेष्टनासाठी ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला सहा महिने, उघड्यावर राहणाऱ्या मालासाठी झेनॉन दिव्याखाली, कापडासाठी धुलाईची चाचणी. अजैविक फॉस्फर यांत सहसा पास होतात, सेंद्रिय रंग प्रकाशात विटतात. अन्नाला लागणाऱ्या प्लास्टिकसाठी युरोपीय संघाच्या १०/२०११ नियमात एकूण स्थलांतराची (प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या पदार्थांची) मर्यादा चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम आहे. पण मार्करमधला घटक मान्य यादीत आहे का हा प्रश्न त्याच्याही आधी येतो. गोळी-कॅप्सूलमध्ये मार्कर घालायचा असेल तर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाची ऑक्टोबर २०११ ची मार्गदर्शिका वाचा: औषधी परिणाम नसलेला घटक, कमीत कमी मात्रेत. गुप्ततेच्या नावाखाली सुरक्षा माहितीपत्रकातून धोका लपवता येत नाही. कागदोपत्री सांकेतिक क्रमांक वापरा, पण धोक्याची माहिती पूर्ण द्या.

पायरी ९: ग्रॅमचा हिशेब

मार्करचे दोन घटक दोन पुरवठादारांकडून घ्या आणि अंतिम मिश्रण स्वतःच्या ताब्यात करा. कुणा एकाकडे पूर्ण पाककृती राहू नये. मास्टरबॅच कंत्राटदाराला बॅचनुसार मोजून द्या. १०० किलोला १० ग्रॅम हे प्रमाण ठरलेले असल्यामुळे नगांची संख्या, भंगार, परत आलेला मास्टरबॅच आणि नमुन्यांतली मोजलेली मात्रा यांचा ताळा बसायलाच हवा. कंत्राटदाराने ३०,००० झाकणे दाखवली पण ३६,००० पुरेल इतका मास्टरबॅच संपला आणि प्रत्येक नगातली मात्रा बरोबर निघते, तर ६,००० झाकणे कुठेतरी आहेत. मात्रा २० टक्के कमी निघाली तर अर्थ वेगळा: त्याने नग वाढवण्यासाठी मास्टरबॅच ताणला, किंवा डोसर बिघडला. म्हणून दर बॅचचे राखीव नमुने सीलबंद ठेवा आणि नंतर मोजता येतील इतके ठेवा.

रीडरचीही नोंद तितकीच काटेकोर ठेवा. हरवलेला रीडर म्हणजे नकली माल बनवणाऱ्याला फुकटात मिळालेली परीक्षक प्रयोगशाळा: तो मिश्रणे करत राहील आणि हिरवा दिवा लागेपर्यंत सुधारेल. दर आठवड्याला सर्व्हरकडून परवानगी न मिळाल्यास रीडर आपोआप बंद पडावा, आणि पडद्यावर फक्त निकाल दिसावा. मोजलेले आकडे फक्त सर्व्हरकडे जावेत.

पायरी १०: संशयित नग सापडल्यावर

रीडरचा निकाल हा संशय समजा. नग स्वच्छ पिशवीत सील करा, कुणी कधी घेतला हे लिहा, आणि शक्य असेल तर त्याच लॉटचे आणखी नग घ्या. प्रयोगशाळेत झाकण जाळून किंवा आम्लात पचवून आयसीपी-एमएसने (मूलद्रव्यांची सूक्ष्म मात्रा मोजणाऱ्या उपकरणाने) यिट्रियम, यिटर्बियम आणि एर्बियम यांचे प्रमाण काढतात. दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांची फ्लोराइडे नुसत्या नायट्रिक आम्लात नीट विरघळत नाहीत; बोरिक आम्ल घालण्याची पायरी प्रयोगशाळेने गाळली तर मार्कर 'नाही' असे उत्तर येऊ शकते आणि अस्सल माल नकली ठरतो. म्हणून संशयित नगासोबत त्याच खोक्यात, कोणता कोणता हे न सांगता, राखीव साठ्यातला एक अस्सल आणि एक कोरा नगही पाठवा. अस्सल नगाची मात्रा बरोबर आली तरच त्या धावेतले बाकीचे आकडे वापरा. रीडरला पास झालेला पण प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मार्करवर नापास झालेला नग सापडला, तर पहिल्या मार्करचे गुपित फुटले आहे असे धरून पुढच्या बॅचपासून गुणोत्तर बदला. जुने गुणोत्तर मात्र बाजारातला शेवटचा अस्सल नग संपेपर्यंत, लॉट क्रमांकाशी जोडून, रीडरमध्ये जिवंत ठेवावे लागेल.